भाऊजींचं दुसरं चिलखत

फोन तालमीतल्या वस्तादांचा होता. रविवारची सकाळ, मी मेथी निवडत बसले होते आणि पलीकडून आवाज आला, "वहिनी, मी तुकाराम बोलतोय, पंचवटीतनं." या माणसानं कित्येक वर्षांत आमच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यामुळे मला आधी रागच आला, आज कशी काय आठवण झाली म्हणून. मग ते म्हणाले, "दत्ता इथं भाजीबाजारात बसल्या जागी कलंडला. दवाखान्यात आणलंय आम्ही. दादांना घेऊन या..." आणि पुढं बोललेच नाहीत. कळायचं ते मला कळलं. मेथी तशीच ताटात ठेवून मी ह्यांना उठवलं आणि आम्ही रिक्षानं निघालो. 

दत्ता म्हणजे माझे धाकटे दीर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते फिटर होते आणि हेही तिथंच स्टोअरमध्ये होते. माझं लग्न होऊन मी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा घरात आम्ही तिघंच. भाऊजींना स्थळं पुष्कळ सांगून आली. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरीशिवाय आणखी काय करता?" तर भाऊजी म्हणाले, "चिलखत." त्या गृहस्थांना वाटलं थट्टा करतोय. पुढची स्थळं मग आपोआप थांबली. पंचवटीतल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत लोखंडी कड्यांचं चिलखत घालून मर्दानी खेळ व्हायचे आणि बाजूला टेम्पोवर उभा राहून एक किडकिडीत माणूस लाऊडस्पीकरवरून त्याची माहिती सांगायचा, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तो माणूस आठवेल. तेच भाऊजी. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटलं, म्हणून बसले आहे.

हे वेड वाचनातून आलेलं नव्हतं. तरुणपणी भाऊजी पंचवटीतल्या तालमीत दांडपट्टा फिरवायला जात. तुकाराम त्यांचा जोडीदार, पुढं तो तालमीचा वस्ताद झाला. मिरवणुकीत ही मंडळी मावळे आणि मोगल होऊन खोटी लढाई करायची. अंगात पुठ्ठ्याचं चिलखत, वर चंदेरी रंग. नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी पट्ट्याचा एक वार जरा जोरात बसला, पुठ्ठा फाटला आणि वस्तादांची बरगडी दुखावली. सगळे वस्तादांच्या भोवती धावले. भाऊजी मात्र फाटलेला पुठ्ठा हातात घेऊन घरी आले आणि जेवताना मला म्हणाले, "वहिनी, कागद अंगात घालून लढायचं असेल तर लढाई म्हणायची कशाला? त्याला नाटक म्हणा." मी म्हटलं, मग करा लोखंडाचं. मला काय ठाऊक, हा माणूस ते मनावर घेईल.

त्यानंतर रजा लागली की भाऊजी एसटीत. कुठं किल्ला, कुठं वस्तुसंग्रहालय, कुठं एखाद्या जुन्या घराण्याचा देव्हारा. काचेच्या कपाटासमोर उभं राहून चित्रं काढायची आणि घरी येऊन चरफडायचं, कारण काचेमागची वस्तू हातात घेता येत नाही. "ताट दिसतं, पण मीठ किती आहे ते कळत नाही," असं म्हणायचे. काचेमागची चिलखतं बारीक तारेची होती, नाजूक दिसायची. भाऊजींनी त्याचा अर्थ असा लावला की ती सरदारांची, मिरवायची असणार. शिपायाचं चिलखत वेगळंच असलं पाहिजे. ते बघायला मिळावं यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. अशात प्लांटमधल्या एका सोबत्यानं सांगितलं की वणीकडच्या एका खेड्यात त्याच्या नात्यातल्या घरी चिलखत आहे, पण ते देव म्हणून पूजतात आणि फक्त दसऱ्याला बाहेर काढतात.

त्या दसऱ्याला मीही बरोबर गेले. गडावर देवीचं दर्शन होईल, एवढाच माझा स्वार्थ. घरात एक म्हातारे आबा आणि त्यांची बायको. आबांनी अंघोळ केली, ओल्या धोतरानंच देवघरात गेले आणि कण्हत-कुंथत एक काळी वस्तू दोन्ही हातांवर घेऊन आले, पाटावर मांडली. मला तर आधी ती करपलेली भाकरीच वाटली, इतकी ताठ आणि काळी. जवळून बघितल्यावर कड्या दिसल्या. दर दसऱ्याला तेल, हळद, कुंकू, वर अंगारा, आणि वर्षभर समोर समईची काजळी. किती पिढ्यांची पूजा तिच्यावर चढली होती, कोण जाणे. भाऊजींनी खिशातून माप घ्यायचं व्हर्नियर काढलं, तर आबांनी त्यांचा हातच धरला.

"लोखंडाला लोखंड लावायचं नाय," ते म्हणाले. "खरडायचं नाय, घासायचं नाय."

"बरं, मग नुसतं वजन करू का? काटा आणलाय."

"देवाला कोणी तराजूत घालतं का, राव? लय जड हाय, एवढं समजून घ्या."

भाऊजी हिरमुसले. मग त्यांनी माझ्याकडं दोरा मागितला. माझ्या पिशवीत सुई-दोरा असायचाच. लोखंड नाही, सूत चालेल, असं आबांनीही मान्य केलं. भाऊजी पाटाशी मांडी घालून बसले आणि एकेका कडीच्या तारेभोवती दोरा घट्ट गुंडाळून, जिथं टोकं मिळतील तिथं कापून, ते तुकडे काड्यापेटीत ठेवत राहिले. म्हातारी आजी माझ्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "तुमचे दीर शिंपी हायेत का?" दोरा माझा होता हे खरं, पण माप त्यांचं होतं, हे मी पुढं त्यांना अनेकदा ऐकवलं.

त्या मापानं पहिलं चिलखत सुरू झालं. बाजारातली जाडसर लोखंडी तार आणायची, शेगडीत लाल करायची, राखेत हळूहळू निवू द्यायची म्हणजे ती मऊ होते. राखेला आमच्याकडं काय तोटा... दोरीवर वाळत घातलेल्या पातळावर वीज केंद्राच्या चिमणीतून रोज पडायची. मग ती तार सळईवर गुंडाळायची, कड्या कापायच्या, प्रत्येक कडीची टोकं चपटी करून एकमेकांवर आणायची, भोक पाडायचं, त्यात बारीकसा खिळा बसवून ठोकायचा. एका कडीत चार कड्या ओवायच्या. ड्यूटीवरून आले की भाऊजी गॅलरीत बसायचे आणि ठक-ठक सुरू व्हायची. माझं काम सुपात कड्या घेऊन वाकड्या-तिरक्या वेचून बाजूला काढायचं, तांदळातले खडे काढतात तसं. मी त्याला लोखंडी स्वेटर म्हणायचे. भाऊजी म्हणायचे, "वार झेलत नाही तोवर स्वेटरच. झेलला की चिलखत." आतून घालायची जाड बंडी मात्र मी शिवली, जुन्या लुगड्यांचे थर घालून, वाकळ शिवतात तशी. त्या बंडीचं कौतुक कोणी लाऊडस्पीकरवर केलं नाही, तो भाग निराळा.

काही वर्षांनी चिलखत पुरं झालं तेव्हा ते उचलून बघणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. सात-आठ वर्षांचं पोर खांद्यावर बसवावं, तेवढं वजन. वस्तादांनी ते अंगात घातलं आणि पट्टा हातात घेतला, तर हात खांद्याच्या वर जाईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वस्ताद म्हणजे कसलेला गडी, हार मानणारा नव्हे. त्यांनी वार खाली आणले. गुडघे वाकवून, कमरेतून फिरत, मांडीच्या आणि पोटाच्या उंचीवर पट्टा चालवायचा. त्याला ते 'खालचा हात' म्हणू लागले. भाऊजी हरखून गेले. त्यांचं म्हणणं असं की चिलखतानं आपणहून जुनी विद्या शिकवली, खरे शिपाई असेच लढत असणार. वरून फिरवायचे पट्ट्याचे जे जुने हात तालमीत पूर्वापार चालत आले होते, ते वस्तादांनी हळूहळू बंद केले आणि सगळ्या पोरांना खालचा हात शिकवायला घेतला.

त्याची फार वाहवा झाली. जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून तालमीला बोलावणी यायची. वस्ताद घामाघूम होऊन लढायचे, मग चिलखत काढून लोकांमध्ये द्यायचे, लोक ते उचलून बघायचे आणि भाऊजी माईकवर सांगायचे, आपले पूर्वज एवढं ओझं अंगावर घेऊन डोंगर चढले. हे वाक्य आलं की टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत. वस्तादांचा उजवा खांदा तेव्हाच धरायला लागला होता. त्यांची बायको तीळतेल चोळून देते, असं ते हसत सांगायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मर्दपणाचीच खूण ती.

भाऊजी दर दसऱ्याला वणीकडं जात राहिले, आता नुसते नमस्काराला. दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. आबा तोवर गेले होते, त्यांच्या मुलानं चिलखत बाहेर आणलं आणि पाटावर ठेवताना कडेची एक कडी गळून पडली. सगळे चपापले. आजीनं ती उचलून कपाळाला लावली आणि भाऊजींच्या हातावर ठेवली. म्हणाली, "इतकी वर्षं येताय. त्यानं आपल्या हातानं दिली तुमाला. आता तुमची." भाऊजींनी विचारलं, "हिला धुतलं तर चालेल?" आजी म्हणाली, "तुमची म्हणलं ना. धुवा नायतर गळ्यात घाला."

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून एक टाकाऊ पातेलं मागून घेतलं, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून कडी उकळायला ठेवली. मी कणीक मळत होते. थोड्या वेळात पाणी तांबूस झालं, मग काळं. भाऊजींनी चमच्यानं कडी बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि वरचा कीट खपली निघावी तसा निघून आला. खाली तार निघाली ती माझ्या कानातल्या बुगडीच्या तारेएवढी. भाऊजी उठून व्हर्नियर घेऊन आले, कडी फिरवून फिरवून मोजली. गंजून थोडी झिजली असेल असं धरून, जिथं टोकं एकावर एक होती, आत गंज पोहोचला नव्हता, ती जागा उकलून मोजली. तीही तेवढीच. मग ते ओट्याला टेकून उभे राहिले. मला म्हणाले, "वहिनी, मी चिलखत मोजलंच नाही. पूजा मोजली."

मी समजूत घालायला म्हटलं, असू दे, कोणाला कळतंय. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा कणकेकडं वळले. काचेमागची बारीक तारेची चिलखतं खरीच होती, शिपायाचंही तसंच होतं. ते घालून हात खांद्याच्या वर जात होता. आणि तुकारामनं इतकी वर्षं जो खालचा हात शिकवला, तो कुठल्याच लढाईतला नव्हता. तो तेलातून आणि कुंकवातून आलेला होता. पुढच्या वेळी वणीला गेले तेव्हा त्यांनी हे आजीला सांगितलं. आजीला त्याचं काही नाही. ती म्हणाली, "आमी कुठं त्याला अंगात घालून हिंडतो? आमाला तो जड काय नि हलका काय."

पण वस्तादांना सांगणं एवढं सोपं नव्हतं. भाऊजींनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मी मटण केलं होतं. जेवता जेवता भाऊजींनी ती धुतलेली कडी ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात. वस्तादांनी कडी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"वहिनींना. दादाला."

"मग ह्या घरातच राहू दे."

"नाही राहायचं, तुकाराम. पोरं चुकीचं शिकतायत."

"चुकीचं?" वस्ताद अगदी हळू बोलले. "मी माझ्या गुरूचे हात बंद केले, तुझ्या सांगण्यावरनं. खांदा घालवला. आता गावाला सांगू, आपले पूर्वज हलकं घालून लढायचे?"

"हो. हलकं घालून लढायचे, हात वर करून लढायचे. त्यात काय कमी आहे?"

वस्ताद ताटावरून उठले. हात धुवायलाही थांबले नाहीत. माझ्या घरी भरल्या ताटावरून कोणी उठून गेल्याचं ते पहिलंच. मला दोघांचाही राग आला, पण खरं सांगायचं तर वस्तादांची बाजू मला जास्त कळत होती. चूक भाऊजींची होती, पण तिची किंमत तुकारामच्या खांद्यानं दिली होती.

आणि मग भाऊजींनी केलं ते मला आजही पटलेलं नाही. पुढच्या शिवजयंतीला वस्ताद नेहमीसारखे ते जड चिलखत घालून रिंगणात उतरले, भाऊजींच्या हातात माईक होता, आणि पूर्वजांच्या ओझ्याचं ते वाक्य यायच्या जागी ते म्हणाले, "मंडळी, या चिलखताचं माप चुकलं आहे. खरं चिलखत ह्याच्या निम्म्याहून हलकं होतं. चूक माझी आहे, वस्तादांची नाही." गर्दीत कोणीतरी हसलं, कोणीतरी ओरडलं, "दत्तूशेठ, गाणी लावा." रिंगणात वस्ताद पट्टा घेऊन तसेच उभे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी भाऊजींना घरी आल्यावर सुनावलं. खरं बोलावं, पण माणूस रिंगणात उभा असताना नाही. भाऊजी म्हणाले, "एकट्यात सांगितलं होतं ना? मग कधी सांगायला हवं होतं?"  तालमीचं दार त्या दिवसापासून त्यांना बंद झालं. तालमीत जडच चिलखत राहिलं आणि खालचाच हात चालू राहिला.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिक रोडला फ्लॅट घेतला, भाऊजी अर्थातच बरोबर. तिथं त्यांनी दुसरं चिलखत घेतलं करायला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं. त्या एका कडीशी प्रत्येक कडी ताडून बघायचे. बारीक तारेचं काम किचकट, चष्म्याचा नंबर वाढला, बोटं सोलपटून निघाली. माझी वेचणी सुरूच होती, फक्त आता सुपातल्या कड्या मोहरीसारख्या निसटायच्या. पुरं झालं त्या सकाळी ते चिलखत घालूनच गॅलरीत आले. मी कपडे वाळत घालत होते. उंचावरच्या तारेपर्यंत माझा हात पोचत नाही, स्टूल लागतं. म्हणाले, "वहिनी, द्या ती बादली इकडं." आणि अंगावर अख्खं चिलखत असताना दोन्ही हात वर करून त्यांनी सगळे कपडे वरच्या तारेवर घातले, माझी पातळं, ह्यांचे लेंगे, सगळं. शेजारच्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. भाऊजी इतके खुश मी आधी कधी पाहिले नव्हते.

पण ते चिलखत घालून लढणार कोण? साठी उलटलेल्या भाऊजींवर वार करायला कोणी तयार होईना, आणि लढणारी माणसं फक्त तालमीत होती. एका शाळेनं ते प्रदर्शनासाठी मागितलं, काचेचं कपाट करून देतो म्हणाले. हे म्हणाले, देऊन टाक, निदान चार लोक बघतील. भाऊजींनी नकार दिला. त्यांनी आयुष्यभर काचेमागची चिलखतं बघितली होती, आपलंही तिथंच गेलेलं त्यांना नको होतं. मग ते त्यांच्या खोलीतल्या कपाटात, मीच शिवलेल्या पिशवीत पडून राहिलं. कधीमधी काढून तेलाचा हात फिरवायचे आणि लगेच कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसून घ्यायचे, थर साचू नये म्हणून. माझा जीव तुटायचा. हातात कसब, डोक्यात एवढं सगळं, आणि शेवटी त्याचा उपयोग काय, तर पिशवी. ह्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त दर रविवारी सकाळी बस धरून पंचवटीत भाजी आणायला जायचे. नाशिक रोडला काय भाजी मिळत नाही? मळेवाल्या बायका दारापर्यंत येतात. पण पंचवटीतली ताजी असते, असं त्यांचं म्हणणं. आणायचे ती मेथी नेहमी सुकलेली असायची.

तेराव्यानंतर वस्ताद आले. दारातच थांबले, या म्हटल्यावर आत आले. थकले आहेत. चहा घेताना कप डाव्या हातानं धरला होता. बराच वेळ ह्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दर रविवारी भाजीबाजारातच, तालमीसमोरच्या ओट्यावर बसायचा तो. पिशवी पायाशी ठेवून पोरांचा खेळ बघायचा. मी आतनं बघायचो."

"मग एक हाक मारायची होती," मी म्हटलं.

"त्यानं मारली असती तर मी ओ दिली असती, वहिनी."

"तेही हेच म्हणाले असते."

वस्तादांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, त्यानं दुसरं केलंय असं कानावर होतं, बघायला मिळेल का. मी आतून पिशवी आणली. त्यांनी चिलखत हातावर घेतलं आणि पटकन माझ्याकडं पाहिलं, एवढं हलकं असेल असं वाटलं नव्हतं बहुतेक. ह्यांनी आणि मी मिळून ते त्यांच्या अंगात घातलं. पाठ ताठ करून उभे राहिले, पट्टा धरल्यासारखी मूठ वळली आणि हात उचलला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. पुन्हा उचलला. तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवा कोपर वर ढकलून बघितला, चेहरा वेदनेनं आकसला, तरी हात वर गेला नाही. "आता हे चिलखताचं ओझं नाही," ते म्हणाले, "आता माझाच हात जड झालाय." मला रडू आलं. भाऊजी गेल्यापासून मी धड रडलेच नव्हते. तेव्हा रडले, आणि वस्तादही तसेच उभ्या उभ्या, अंगात चिलखत, सवयीनं उजव्याच हातानं डोळे पुसायला गेले, तो वर जाईना म्हणून मान खाली वाकवून पुसत होते.

चिलखत ते घेऊन गेले. मी काही अट घातली नाही. पुढच्या रविवारी ह्यांना घेऊन मी पंचवटीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तालमीच्या आत पाय ठेवला. वस्ताद खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. समोर तालमीतली पोरं, पोरं म्हणजे आता बाप्ये झालेली, एकाच्या अंगात भाऊजींचं दुसरं चिलखत. वस्तादांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "इतकी वर्षं मी तुम्हाला जो हात शिकवला, तो मापाच्या चुकीतनं आला होता. दत्तानं ते भर रिंगणात सांगितलं, मी ऐकलं नाही. आजपासून माझ्या गुरूचे हात. वरचे. मला करून दाखवता येणार नाही, तोंडानं सांगीन."  एकानं पट्टा उचलला. खालच्या हाताची सवय इतकी, की पट्टा पुन्हा पुन्हा कमरेशीच यायचा, आणि खुर्चीवरून वस्ताद सांगत होते, "वर... अजून वर... तुला कोणी अडवलंय? वर."

परवा रविवारी दुपारी तालमीतला एक जण चिलखत घेऊन दारात आला. संकोचून म्हणाला, वस्तादांनी पाठवलंय, फाटलंय. उलगडून बघितलं तर छातीवर वार बसला होता, काही कड्या तुटल्या होत्या आणि आतली माझी जुनी बंडी, पहिल्या चिलखताबरोबर तालमीत राहिलेली, मात्र शाबूत होती. ज्याच्या अंगात ते होतं त्याला खरचटलंसुद्धा नाही म्हणे. तो विचारत होता, हे आता कोण दुरुस्त करणार? मी म्हटलं, ठेव इथं. भाऊजींच्या खोलीत त्यांचा चिमटा आणि छोटी हातोडी खिडकीखाली पडलेली होती, तयार कड्या डब्यात होत्या. आयुष्यभर कड्या वेचल्या, पण जोडली एकही नव्हती. पहिली वाकडी बसली, दुसरीचा खिळा निसटून कॉटखाली गेला. ठक-ठक ऐकून हे दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. संध्याकाळपर्यंत भोक बुजलं. काम ओबडधोबड झालंय, बघितलं की ओळखू येतं. पुढच्या रविवारी पुन्हा फाटून येणार आहे, हे मला माहीत आहे, आणि मी त्याची वाट बघते आहे.